पहिले माप लाभाचे : दुष्काळी मुलखातील कृतज्ञतेचा इतिहास

'कृतज्ञ' हा शब्द आपण सभासमारंभांत इतक्या सहजपणे वापरतो की, त्याची फोड करून पाहण्याची गरज आपल्याला वाटत नाही. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो तो कृतज्ञ. केलेले जो पुसून टाकतो तो कृतघ्न. या अर्थाने पाहिले तर कृतज्ञता हे एक प्रकारचे ज्ञान आहे, आणि ते घडून गेलेल्या गोष्टींचे ज्ञान असल्यामुळे इतिहासाशी त्याचे सख्खे नाते आहे. ज्या घराला आपला इतिहास ठाऊक नाही, त्या घराला नेमके कोणाचे आभार मानायचे हेही ठाऊक नसते.

जुन्या करारातील अनुवाद ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात हेच नाते मोठ्या साधेपणाने प्रकट झाले आहे. सुगीनंतर शेतकऱ्याने पहिल्या उत्पन्नाची टोपली भरून वेदीपाशी आणायची आणि याजकासमोर उभे राहून उपकारस्तुती करायची. ही स्तुती आहे तरी कशी? तीत विशेषणांची रास नाही. तो शेतकरी सरळ आपल्या कुळाचा इतिहास सांगतो. आपला पूर्वज भटका होता, तो मिसर देशात परका म्हणून राहिला, तेथे आमच्याकडून कठोर वेठबिगार करून घेण्यात आली, आम्ही आक्रोश केला, तो ऐकला गेला, आणि आज या भूमीचे हे फळ माझ्या हाती आहे. दुःख, अन्याय, सुटका आणि धान्य या चारही गोष्टींचा त्यात उच्चार आहे. एकही वगळलेली नाही. आणि शेवटी आज्ञा आहे ती अशी, की या आनंदात लेवी आणि तुमच्यातला परकाही सहभागी झाला पाहिजे.

आज आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे एका वेगळ्या ओढाताणीत सापडली आहेत. घराचे हप्ते, मुलांच्या शाळांची फी, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे, दिवसेंदिवस चढणारे भाव, आणि हे सारे भागविण्यासाठी पतिपत्नी दोघांनीही सकाळी बाहेर पडून रात्री परत येणे. अशा घरांतून दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात. पहिली, आभार मानायला वेळ कोठे आहे? आणि दुसरी, आभार मानावेत असे घडते तरी काय आहे? दोन्ही तक्रारी खोट्या नाहीत. म्हणूनच त्यांचे उत्तर सुखवस्तू माणसांच्या चरित्रांत शोधण्यापेक्षा, जेथे सवड आणि सुबत्ता या दोहोंचाही कायम दुष्काळ होता अशा मुलखात शोधणे अधिक न्यायाचे ठरेल. या लेखापुरता मी बीड जिल्ह्यातील नेकनूरचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

बालाघाटावरचे बाजारगाव

बीड शहराच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर हे मोठे बाजारगाव आहे. बालाघाटाच्या पठाराची ही भूमी. जिल्ह्याचा वार्षिक पाऊस सरासरीने साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. परंतु सरासरी हा शब्द येथे फसवा आहे, कारण एखादे वर्ष भरभरून देते आणि पुढची दोन वर्षे आभाळ पाठ फिरवते. गावाचा आठवडी बाजार जनावरांसाठी प्रसिद्ध आहे. ज्या वर्षी पाऊस होतो त्या वर्षी बैलांना भाव येतो. दुष्काळात चारा महागतो, जनावरे स्वस्त होतात, आणि ज्या बैलाला घरच्या मुलासारखे वाढविले त्याची दावण शेतकऱ्याला मिळेल त्या किमतीस सोडावी लागते. पंचक्रोशीचे सुखदुःख मोजावयाचे असेल तर त्याचा ताळेबंद या बाजारात मिळतो.

धर्मपरंपरेच्या दृष्टीने हा परिसर श्रीमंत आहे. मांजरसुंब्याजवळ कपिलधार येथे वीरशैव संत मन्मथस्वामींचे स्थान आहे. नेकनुरात वारकरी संप्रदायातील थोर कीर्तनकार बंकटस्वामी महाराज यांच्या नावाचा मठ आहे. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस जी वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तिच्या पहिल्या पिढीतील आधारस्तंभांपैकी ते एक होते. मुसलमान बांधवांचीही गावात मोठी वस्ती आहे. १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या सीमेत हा जिल्हा येतो. भिन्न धर्मांची ही माणसे शेकडो वर्षे एकाच आभाळाकडे डोळे लावून बसत आली आहेत.

मराठवाड्यातील खळ्यांवर, आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतही, एक जुनी रीत होती. मळणी होऊन धान्याची रास पडली की तिची पूजा करीत आणि मग माप घालावयास आरंभ करीत. मोजणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसे. तो म्हणे 'लाभ'. मोजणी खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू होई. मला या रीतीचे मोठे अप्रूप वाटते. पुढे सावकाराचे देणे आहे, सरकारचा सारा आहे, बियाणे बाजूस ठेवायचे आहे, आणि रास वर्षभर पुरणार नाही हेही कळून चुकले आहे. तरीसुद्धा जे हाती आले त्याचे पहिले नाव 'लाभ'. हिशेब मागाहून, मान्यता आधी.

शंभरातली तेवीस माणसे

हा सारा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामी राज्यात होता. १८९१ च्या शिरगणतीत बीड जिल्ह्याची लोकसंख्या ६ लाख ४२ हजारांवर होती. १९०१ च्या शिरगणतीत ती ४ लाख ९२ हजारांवर आली. दहा वर्षांत शंभरातली तेवीस माणसे नाहीशी झाली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ या दशकात येऊन गेले होते. नाहीशी झालेली काही माणसे भुकेने आणि पटकीसारख्या साथींनी मेली, काही देशोधडीस लागली आणि परत आली नाहीत. आकड्यांचे हे दोन रकाने म्हणजे ओसाड पडलेल्या किती वाड्या आणि विझलेल्या किती चुली, याचा विचार केला म्हणजे मन सुन्न होते.

याच काळात ख्रिस्ती सेवकांचा या भागाशी आणि शेजारच्या जिल्ह्यांशी संबंध आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात फ्रान्सिस डी सेल्सच्या मिशनरी संघाचे फादर गुरियन जाकिये वैजापूर तालुक्यातील घोगरगावी राहावयास आले. मराठवाड्यातील कॅथलिक मिशनकार्याचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. नगर जिल्ह्यात रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी दुष्काळातील अनाथ मुलांना आपल्या घरात आसरा दिला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राने त्या संसाराची हकीकत मराठी वाचकांच्या घरोघर पोहोचविली आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावी मुक्तिसदन उभे राहिले.

या उपकारांची आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे. परंतु इतिहास प्रामाणिकपणे वाचायचा तर आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्या दुष्काळातून जी चार लाख ब्याण्णव हजार माणसे तगली, त्यांपैकी बहुतेकांना तगविणारे हात कोणत्याही ग्रंथात नोंदलेले नाहीत. रानातली तरवड-तांदुळजाची भाजी ओळखणारी आजी, आपल्या वाटणीची अर्धी भाकर पोराच्या ताटात सरकविणारी आई, चार पायली ज्वारी हातउसनी देणारा शेजारी, ही त्या काळाची खरी दानशूर मंडळी होत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या वंशावळीत अशी अर्धी भाकर देणारे कोणीतरी आहे. नसते तर आपण नसतो. कृतज्ञतेला कारण सापडत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढी एक गोष्ट मनात घोळवावी.

जात्यापाशी उपकारस्तुती

सवड नाही ही तक्रार सर्वांत अधिक शोभली असती ती जुन्या काळच्या ग्रामीण स्त्रीला. पहाटे तिसऱ्या प्रहरी उठून दळण, मग पाणी, शेण, चूल, शेत, आणि रात्री पुन्हा चूल. प्रार्थनेसाठी वेगळा काढण्याजोगा क्षण तिच्या दिवसात नव्हता. तिने काय केले? तिने जात्याच्या घरघरीलाच सूर लावला. दळताना ती ओवी रचू लागली, आणि त्या ओव्यांतून माहेर, भाऊ, लेक, पंढरीचा विठ्ठल, शेजारीण या सर्वांचे ऋण ती आठवू लागली. काम थांबवून स्तुती करणे तिला परवडणारे नव्हते. कामाचाच हात धरून तिने स्तुती केली.

या ओव्यांचे मोल ओळखून हेमा राइरकर आणि गी पॉइट्व्हाँ या दोघा अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पॉइट्व्हाँ मूळचे फ्रान्समधील कॅथलिक धर्मगुरू. पुढे त्यांनी महाराष्ट्र हीच आपली भूमी मानली. या संग्रहात बीड जिल्ह्याचा वाटा मोठा अर्थपूर्ण आहे. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. त्या ओव्यांत बुद्धाचे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आणि रमाबाईंचे ऋण गायिले आहे.

या ठिकाणी थोडे थांबले पाहिजे, कारण कृतज्ञतेच्या इतिहासातील एक मोठे वळण येथे आहे. खळ्यावरची रास वाटली जाई तेव्हा बलुतेदारांना त्यांचा वाटा मिळे. परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाला जे मिळे ते त्याच्या श्रमाचे मोल असूनही त्याच्या पदरात उपकार म्हणून टाकले जाई, आणि त्याने वाकून ते स्वीकारावे अशी अपेक्षा असे. स्वतःच्या घामाचे मोल घेतानाही ज्याला हात पसरावे लागतात, त्याच्या तोंडून निघालेल्या आभाराला कृतज्ञता म्हणता येणार नाही. १९२७ साली महाडच्या लढ्याच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या बांधवांना शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांनी ही लादलेली कृतज्ञता झुगारून द्यावयास सांगितले. आणि मग ज्याने ताठ उभे राहावयास शिकविले त्याच्याविषयी त्याच समाजातील स्त्रियांच्या कंठातून स्वयंस्फूर्त कृतज्ञतेचा झरा वाहू लागला. लादलेले आभार संपले तेथे मनातले आभार सुरू झाले.

बहात्तरची खडी

१९७२ चा दुष्काळ आजही मराठवाड्यातील वृद्धांच्या बोलण्यात 'बहात्तर' एवढ्याच नावाने येतो. सलग वर्षे पाऊस हुकला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या, जनावरे दावणीला मरत होती. सरकारने दुष्काळी कामे काढली. माणसे खडी फोडू लागली, पाझर तलाव खोदू लागली, नाल्यांना बांध घालू लागली, रस्त्यांवर माती टाकू लागली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती, आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. खावयास परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी होती आणि कामावर सुकडी मिळे. मिलोची भाकर चवीला कशी होती हे ज्यांनी खाल्ली त्यांना अद्याप आठवते. ती बेचव भाकर खातानाही, पोरे जगली, एवढे म्हणून हात जोडणारी माणसे या मातीत होती.

१९०० आणि १९७२ या दोन दुष्काळांत एक मोठा फरक आहे. पहिल्यात माणसे किड्यामुंग्यांप्रमाणे मेली. दुसऱ्यात हाल अतोनात झाले तरी मृत्यूचा तो तांडव टळला. हे केवळ दैवाने घडले नाही. विधानपरिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी 'मागेल त्याला काम' ही कल्पना मांडली होती. त्यांच्या तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा प्रयोग झाला होता. दुष्काळातील अनुभवानंतर ती कल्पना पक्की झाली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ साली संसदेने सर्व देशासाठी असा कायदा केला, त्याला महाराष्ट्राच्या या अनुभवाचा मोठा आधार होता.

शहरातील वाचकांनी या इतिहासातील आपला धागाही ओळखावा. रोजगार हमीसाठी पैसा उभा करावा म्हणून महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदारांच्या पगारपत्रकात दरमहा एक लहानशी रक्कम कापलेली दिसते ती हीच. आपण ती बहुधा कुरकुरत पाहतो. परंतु या कराच्या रूपाने शहरातल्या पगारदाराने बालाघाटावर खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला हातभार लावला आहे. आणि त्या बाईने बांधलेल्या रस्त्यावरून आलेले धान्य आपल्या ताटात पडले आहे. कोणी कोणाचे आभार मानायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

याच दशकांत शेजारच्या नगर जिल्ह्यात स्विस जेज्वीट फादर हर्मन बाखर दुष्काळाचे मूळ शोधत होते. धान्य वाटून दुष्काळ हटत नाही. डोंगरावर पडलेला थेंब डोंगरातच जिरविला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या प्रेरणेने पाणलोट विकासाची कामे गावोगाव उभी राहिली आणि १९९३ साली त्यासाठी एक स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली. या कामांत गावकऱ्यांनी श्रमदान करावे असा त्यांचा आग्रह असे. ज्या भूमीने पिढ्यान्‌पिढ्या पोसले तिचे ऋण तिच्याच अंगावर समतल चर खोदून फेडायचे, ही उपकारस्तुतीची फार पुरुषार्थी रीत आहे. फादर बाखर २०२१ साली निवर्तले. त्यांच्या कामाची स्मृती पाणी जिरलेल्या शिवारांनी जपली आहे.

उचल आणि ऋण

१९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाहता पाहता पश्चिम महाराष्ट्र उसाने हिरवा झाला. तो ऊस तोडावयास माणसे हवी होती, आणि ती कोरडवाहू मुलखात होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा ओघ वाढत गेला. आज दिवाळीच्या सुमारास या परिसरातील वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात आणि उन्हाळ्यात पुन्हा भरतात.

या व्यवसायाची भाषाच पाहा. नवराबायको मिळून एक 'कोयता'. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे 'उचल'. ती उचल लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात खर्च होऊन जाते आणि मग पाच-सहा महिने राबून ती फेडायची. एक दिवस 'खाडा' झाला तर दंड कापला जातो. पहाटे अंधारात फडात शिरायचे, दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडायचा, मोळ्या बांधून गाडी भरायची, आणि रात्री पाचटाच्या कोपीत चूल पेटवायची. संसाराची धावपळ म्हणजे काय हे या जोडप्यांना कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही.

मराठीत 'ऋण' हा शब्द दोन अर्थांनी येतो. सावकाराचे देणे तेही ऋण, आणि आईचे उपकार तेही ऋण. 'आभार' या शब्दातही 'भार' दडलेला आहेच. ऊसतोड्यांच्या आयुष्यात हे दोन अर्थ एकमेकांत गुंतून जातात. अडीनडीला उचल देणारा मुकादम उपकारकर्ता भासतो, आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली योग्य मजुरी मागण्याचे धैर्य खचते. म्हणून कृतज्ञतेचा उपदेश करणाऱ्याने, विशेषतः आम्हां धर्मगुरूंनी, फार जपून बोलावे. 'आहे त्यात समाधान माना' हे वाक्य आजीच्या तोंडी शहाणपण असते. तेच वाक्य देणेकऱ्याच्या तोंडी अन्याय ठरते.

हा धोका काल्पनिक नाही. २०१९ साली विधानपरिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जे सर्वेक्षण आले, त्यात बीड जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. सहा जणींमागे एक. खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी अवयवच काढून टाकायचा. आपल्या चहातील साखरेमागे हे कृत आहे. ते जाणणे हीसुद्धा कृतज्ञताच होय, आणि ते जाणल्यानंतर स्वस्थ बसणे हा कृतघ्नपणा होय.

समाधानाची गोष्ट अशी की ही माणसे केवळ सोसत बसलेली नाहीत. त्यांच्या संघटनांनी वेळोवेळी संप केले, वाटाघाटी केल्या. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य करण्यात आली. त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, मुलांनी गावीच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. आणि जेथे यांपैकी काहीच पोहोचले नाही तेथे आजीआजोबा होते. हंगामात अनेक घरी म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे एवढीच मागे राहतात. थकल्या हातांनी भाकरी थापून नातवंडांना शाळेत धाडणारी आजी हीच या जिल्ह्याची सर्वांत मोठी शिक्षणसंस्था आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

छावणी आणि परतीची वाट

२०१९ च्या उन्हाळ्यात राज्यातील सर्वाधिक चारा छावण्या बीड जिल्ह्यात होत्या. त्यांची संख्या सहाशेच्या आसपास होती. जनावरांबरोबर माणसेही छावणीत राहावयास गेली. घरी पाणी नाही, शेतात काम नाही, आणि तरीही दावणीची मुकी लेकरे विकावयाची नाहीत, या निश्चयाने कुटुंबांतील कोणी ना कोणी महिनोन्‌महिने पाचटाच्या आडोशाला मुक्काम ठोकून राहिले. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग आणि अंगावर झूल चढते ती या सोसण्याची साक्ष असते. ज्याने आपल्यासाठी मान झिजविली त्याला वर्षातून एक दिवस तरी जूं नको, हा पोळ्याचा साधा नियम आहे. आपल्या घरांत अहोरात्र राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला असा एक दिवस येतो काय, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.

पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. १९२० नव्हे, २०२० चा मार्च. ऊसतोडीला गेलेली माणसे कारखान्यांच्या परिसरातच अडकली. गावी म्हातारी माणसे आणि लेकरे, मध्ये बंद रस्ते. १७ एप्रिल २०२० रोजी सरकारने त्यांना घरी जाण्याची मुभा दिली. त्या वेळी अशा मजुरांची संख्या १ लाख ३१ हजारांच्या घरात होती. ट्रकांतून, ट्रॅक्टरांतून, तपासण्या करून घेत ती माणसे आपापल्या शिवेवर आली. त्या उन्हाळ्यात आपण सर्वजण घरांत कोंडलो होतो आणि एकमेकांच्या सहवासाला कंटाळलो होतो. त्याच वेळी महाराष्ट्रातील लक्षावधी माणसांची एकच प्रार्थना होती, की आम्हांला आमच्या घरी एकत्र राहू दे. जे आपल्याला ओझे झाले होते ते त्यांना वरदान होते.

घरातले खळे

या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासातून आपल्या घरांसाठी काय घ्यावे? मला वाटते, माजलगावच्या स्त्रियांकडून आपण पहिली गोष्ट शिकावी. कृतज्ञतेसाठी सवड मिळण्याची वाट पाहू नये. ज्या घरात रात्री एकत्र जपमाळ म्हणणे जमत नाही, त्या घरात डबे भरताना, भाजी निवडताना, लोकलमध्ये उभ्याने प्रवास करताना एकेका माणसाचे नाव आठवणे जमू शकते. हाताला काम असताना मनाला ओवी सुचते.

दुसरी गोष्ट खळ्यावरच्या मोजणाऱ्याकडून घ्यावी. महिन्याचा पगार हाती आला की आपण लगेच वजाबाकीला बसतो. त्या रात्री मुलांना जवळ बसवून, हा पैसा कोणाच्या श्रमातून आला आणि आज घरात काय काय आहे, एवढे आधी मोठ्याने म्हणावे. मग हप्ते, फी आणि उधारी यांचा हिशेब अवश्य करावा, मुलांपासून न लपविता करावा. पहिले माप 'लाभ' म्हटल्याने रास वाढत नाही हे त्या शेतकऱ्यालाही ठाऊक होते. परंतु मोजणाऱ्याचे मन त्यामुळे कडवट होत नसे, आणि कडवट न झालेले मन शेजाऱ्याला चार पायल्या उसन्या देऊ शके.

तिसरी गोष्ट अनुवाद ग्रंथातील त्या शेतकऱ्याची. आपल्या मुलांना घराचा इतिहास सांगावा, आणि तो संपूर्ण सांगावा. आजोबांनी कोणत्या चाळीत दिवस काढले, कोणत्या वर्षी चूल पेटली नाही, कोणी फसविले, कोणी मदतीचा हात दिला, आणि कोणत्या हक्कासाठी भांडावे लागले, हे सारे त्यात यावे. दुःख वगळून सांगितलेली कृतज्ञता मुलांना पोकळ वाटते आणि त्यात त्यांची चूक नसते. 'युखरिस्त' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे, आणि ती प्रभूने ज्या रात्री केली ती रात्र विश्वासघाताची होती. पवित्र मिस्सामध्ये आपण दर रविवारी त्याच रात्रीची आठवण करतो. म्हणजे आपली आभारप्रार्थनाही दुःख झाकून केलेली नाही.

आणि टोपलीतला वाटा परक्याचा आहे हे विसरू नये. ऊस हंगामात आपल्या गावांच्या आसपास, कारखान्यांच्या वाटेवर, बालाघाटावरून आलेल्या कोप्या उभ्या असतात. तेथील मुलांची शाळा, बायामाणसांचा दवाखाना, पिण्याचे पाणी यांची चौकशी जवळच्या धर्मग्रामाने केली, तर त्यात आपला मोठेपणा काहीच नाही. आपल्या घरातील साखरेच्या डब्याचे ते जुने देणे आहे, आणि देणे फेडताना माणसाने वाकून नम्र असावे, देणाऱ्याचा ताठा आणू नये, एवढेच बालाघाटाच्या या माणसांचे कृत आपल्याला सांगत आहे.